चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरचे पाणी

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाभोवतीच्या खोल विवरांमध्ये पाण्याचा बर्फ आहे. तो किती आहे, कोणत्या स्वरूपात आहे आणि बाहेर काढता येईल का, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर माणसाच्या पुढच्या अंतराळप्रवासाचा बराचसा भाग अवलंबून आहे. अमेरिका, चीन, भारत, जपान या सगळ्यांच्या चांद्रमोहिमांचा रोख आज याच प्रदेशाकडे वळलेला दिसतो. १९६९ ते १९७२ या काळात अपोलो मोहिमांतून बारा अंतराळवीर चंद्रावर उतरले. ते विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यातच उतरले, तिथे जास्तीत जास्त तीन दिवस राहिले आणि श्वासाच्या हवेपासून परतीच्या इंधनापर्यंत सारे काही पृथ्वीवरून घेऊन गेले. आता आखल्या जात असलेल्या मोहिमांमध्ये तिथे महिनोन्‌महिने मुक्काम करायचा आहे, आणि मुक्काम करायचा तर तिथल्याच साधनांवर भागवावे लागेल. त्या साधनांमध्ये पाण्याचे स्थान पहिले आहे.

कधीच ऊन न पोचणारी विवरे

पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, म्हणून पृथ्वीवर ऋतू होतात. चंद्राचा अक्ष मात्र जवळजवळ सरळ उभा आहे. त्याचा कल अवघा दीड अंशाचा आहे. त्यामुळे चंद्राच्या ध्रुवावरून पाहिले तर सूर्य कायम क्षितिजालगतच फिरताना दिसतो, माथ्यावर कधीच येत नाही. अशा तिरप्या उन्हात उंच कड्यांवर वर्षातला बराच काळ प्रकाश असतो. उलट खोल विवरांच्या तळाशी कोट्यवधी वर्षांत, काही ठिकाणी तर अब्जावधी वर्षांत, थेट सूर्यप्रकाश पोचलेला नाही. दक्षिण ध्रुवालगतचे शॅकल्टन विवर सुमारे २१ किलोमीटर रुंद आणि चार किलोमीटर खोल आहे. त्याच्या कडेवर उन्हाचे पट्टे आहेत आणि तळाशी कायमचा काळोख.

चंद्रावर हवा नाही. त्यामुळे तापलेल्या जागेची ऊब वाऱ्याबरोबर शेजारच्या सावलीत जात नाही. नासाच्या 'लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर' या यानाने ध्रुवांजवळच्या काही विवरांत उणे २४० अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान नोंदवले आहे. इतक्या थंडीत बर्फ खडकासारखाच टिकून राहतो. चंद्रावर पाणी येण्याचे मार्ग अनेक आहेत. धूमकेतू आणि काही लघुग्रह आपटताना पाणी घेऊन येतात, पुरातन ज्वालामुखींतून वाफ बाहेर पडली असावी, आणि सूर्यापासून येणारे हायड्रोजनचे कण खनिजांतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतात. यातले बहुतेक रेणू उन्हात उडून जातात. काही मात्र उड्या घेत घेत ध्रुवाकडच्या एखाद्या थंड विवरात पोचतात आणि तिथेच अडकतात.

कोरडा चंद्र ओला कसा ठरला

कायम सावलीतल्या विवरांत बर्फ साठलेला असू शकतो, हा अंदाज अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६१ मध्येच मांडला होता. पण अपोलो मोहिमांनी आणलेल्या ३८२ किलो दगडमातीत पाण्याचा जवळजवळ मागमूस नव्हता. जो थोडा आढळला, तो पृथ्वीवरच्या दमट हवेतून शिरला असावा असे मानले गेले. चंद्र ठणठणीत कोरडा आहे, हे मग पाठ्यपुस्तकांतही रूढ झाले.

या समजुतीला पहिले तडे १९९० च्या दशकात गेले. १९९४ मध्ये 'क्लेमेंटाइन' यानाच्या रडार प्रयोगात दक्षिण ध्रुवाजवळ बर्फासारखे संकेत मिळाले. १९९८ मध्ये निघालेल्या 'लूनर प्रॉस्पेक्टर' यानाने दोन्ही ध्रुवांवर हायड्रोजनचे प्रमाण जास्त असल्याचे दाखवले. मात्र हायड्रोजन आहे म्हणजे पाणीच आहे, असे खात्रीने म्हणता येत नव्हते. १९९९ मध्ये हे यान मुद्दाम ध्रुवाजवळ आपटवण्यात आले. उडालेल्या धुळीत पाणी दिसेल अशी आशा होती, पण काहीच दिसले नाही.

निर्णायक वळण भारताच्या मोहिमेने दिले. २२ ऑक्टोबर २००८ रोजी श्रीहरिकोट्याहून 'चांद्रयान-१' निघाले. त्यावर अकरा वैज्ञानिक उपकरणे होती. काही भारतीय, काही परदेशी. त्यांतले नासाने दिलेले 'मून मिनरलॉजी मॅपर' हे उपकरण चंद्रावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाचे बारकाईने विश्लेषण करत होते. पाणी आणि हायड्रॉक्सिल हे रेणू तीन मायक्रॉनच्या आसपासचा अवरक्त प्रकाश शोषून घेतात. हीच खूण चंद्राच्या पृष्ठभागावर, विशेषतः ध्रुवांकडे, ठळकपणे दिसली आणि सप्टेंबर २००९ मध्ये हा निष्कर्ष जाहीर झाला. पुढच्याच महिन्यात, ९ ऑक्टोबरला, नासाच्या 'एलक्रॉस' मोहिमेने रॉकेटचा दोन टनांहून जड रिकामा टप्पा दक्षिण ध्रुवाजवळच्या काबियस विवरात आदळवला. उसळलेल्या ढगात पाणी सापडले. त्या ठिकाणच्या मातीत वजनाने सुमारे साडेपाच टक्के पाणी असल्याचा हिशेब निघाला. २०१८ मध्ये चांद्रयान-१ च्याच नोंदी नव्याने तपासल्या गेल्या, तेव्हा कायम सावलीतल्या काही जागी बर्फ थेट पृष्ठभागावर उघडा पडलेला असल्याचे पुरावे मिळाले. मोहीम संपून नऊ वर्षे उलटली होती, पण तिच्या नोंदींतली माहिती संपलेली नव्हती.

पाणी इतके मोलाचे का

अंतराळप्रवासाची खरी अडचण वजनाची आहे. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातून सुटण्यासाठी सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग लागतो, आणि त्यासाठी लागणारे इंधन वाहून नेण्यासाठीही आणखी इंधन लागते. 'चांद्रयान-३' घेऊन जाणाऱ्या एलव्हीएम-३ रॉकेटचे उड्डाणाच्या वेळचे वजन सुमारे ६४० टन होते. त्यातले यान ३,९०० किलोचे होते आणि चंद्रावर चाललेला प्रज्ञान रोव्हर फक्त २६ किलोचा. एवढा सगळा खटाटोप सव्वीस किलोंसाठी लागतो, तर माणसांची वस्ती उभारायला किती लागेल याची कल्पना यावरून येते. प्रवासाला निघताना वाटेतल्या प्रत्येक मुक्कामाची शिदोरी घरूनच बांधून न्यावी लागली, तर कोणालाच फार लांब जाता येणार नाही.

पाणी हे गणित बदलू शकते. ते पिता येते, त्यावर रोपे वाढवता येतात, आणि त्याचा थर किरणोत्सर्गापासून आडोसा म्हणूनही वापरता येतो. विजेच्या साहाय्याने त्याचे विघटन केले तर नऊ किलो पाण्यातून आठ किलो ऑक्सिजन आणि एक किलो हायड्रोजन मिळतो. ऑक्सिजन श्वासासाठी उपयोगी आहेच, पण हे दोन्ही वायू अतिथंड करून द्रवरूपात आणले की ते रॉकेटचे अत्यंत कार्यक्षम इंधन बनतात. एलव्हीएम-३ चा क्रायोजेनिक टप्पा याच जोडीवर चालतो. शिवाय चंद्रावरून सुटण्यासाठी सेकंदाला फक्त २.४ किलोमीटर वेग पुरतो. त्यामुळे चंद्रावर तयार झालेले इंधन अवकाशात पोचवायला पृथ्वीवरून पोचवण्यापेक्षा पुष्कळच कमी ऊर्जा लागेल.

वाटेतले अडथळे

हे चित्र आकर्षक आहे, पण ते प्रत्यक्षात आणणे अवघड आहे. बर्फाच्या शुद्ध लाद्या आहेत की मातीच्या कणांत मिसळलेले बारीक स्फटिक, हे विवरात उतरून पाहिल्याशिवाय कळणार नाही. उणे दोनशे अंशांखाली पोलाद ठिसूळ होते, वंगण गोठते आणि बॅटऱ्या निकामी होतात. सौर पॅनेल उन्हातल्या कड्यावर ठेवावे लागतील आणि खोदकाम काही किलोमीटर खाली, अंधारात करावे लागेल. या दोहोंच्या मध्ये वीज कशी पोचवायची, हा वेगळाच प्रश्न आहे.

धूळ हा दुसरा शत्रू आहे. चंद्रावर वारा नाही, पाणी वाहत नाही, त्यामुळे तिथल्या धुळीचे कण घासून गोल झालेले नाहीत; ते काचेच्या चुऱ्यासारखे धारदार आहेत. अपोलोच्या अंतराळवीरांच्या पोशाखांचे सांधे या धुळीने खराब होऊ लागले होते. अपोलो-१७ मधले हॅरिसन श्मिट यांना यानात परतल्यावर शिंका आणि सर्दीसारखा त्रास झाला. तिसरा धोका किरणोत्सर्गाचा. एप्रिल १९७२ मधली अपोलो-१६ आणि डिसेंबरमधली अपोलो-१७ या दोन मोहिमांच्या मध्ये, ऑगस्ट महिन्यात, सूर्यावर प्रचंड वादळ झाले. त्या वेळी चंद्रावर कोणी असते, तर त्याच्या प्रकृतीला गंभीर धोका होता.

चंद्रावर उतरणे तर आजही सोपे झालेले नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा विक्रम लँडर अखेरच्या टप्प्यात कोसळला. १९ ऑगस्ट २०२३ रोजी रशियाचे 'लूना-२५' आदळले. चारच दिवसांनी, २३ ऑगस्टला, चांद्रयान-३ सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर अलगद उतरले. हे ठिकाण प्रत्यक्ष ध्रुवापासून सहाशे किलोमीटरहून जास्त दूर आहे, पण त्याआधी कोणतेही यान इतक्या दक्षिणेला सुखरूप उतरले नव्हते. त्याच्या तापमापक शलाकेने एक बोलकी गोष्ट दाखवली. दिवसा पृष्ठभागावर पन्नास अंशांहून जास्त तापमान असताना, जेमतेम आठ सेंटिमीटर खोलीवर ते शून्याखाली दहा अंशांच्या आसपास होते. वरची माती उष्णता खाली जाऊच देत नाही. म्हणजे ध्रुवाकडे जावे तसा बर्फ उथळ खोलीवरही टिकून असण्याची शक्यता वाढते. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एका खासगी कंपनीचे 'अथिना' यान बर्फ शोधण्यासाठी ड्रिल घेऊन ध्रुवाच्या आणखी जवळ पोचले, पण ते आडवे पडले आणि ड्रिलला माती खोदता आली नाही.

कोणाचा चंद्र?

पाणी आणि ऊन दोन्ही जवळजवळ मिळतील अशा जागा चंद्रावर मोजक्याच आहेत. त्यामुळे त्यांच्यावर हक्क कोणाचा, हा वाद अटळ आहे. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार कोणत्याही देशाला चंद्रावर सार्वभौमत्व सांगता येत नाही. मात्र तिथून काढलेल्या पाण्याची किंवा खनिजांची मालकी कोणाची, याबद्दल करार स्पष्टपणे बोलत नाही. अमेरिकेने २०१५ मध्ये आपल्या नागरिकांना असा माल बाळगण्याचा आणि विकण्याचा हक्क कायद्याने दिला. लक्झेंबर्गने २०१७ मध्ये तसाच कायदा केला. १९७९ च्या चंद्र करारात ही संपत्ती अखिल मानवजातीची मानली आहे, पण अमेरिका, रशिया आणि चीन यांपैकी कोणीही त्यात सामील नाही.

आज दोन गट आकार घेत आहेत. अमेरिकेच्या पुढाकाराने २०२० मध्ये 'आर्टेमिस करार' झाले. भारताने त्यांवर जून २०२३ मध्ये सही केली. चीन आणि रशिया यांनी २०२१ मध्ये स्वतंत्र चांद्रसंशोधन केंद्राची योजना जाहीर केली. चीनची प्रगती झपाट्याची आहे. २०१९ मध्ये त्याचे 'चांग-अ-४' यान चंद्राच्या पलीकडच्या बाजूवर उतरले, आणि जून २०२४ मध्ये 'चांग-अ-६' ने त्याच बाजूची जवळपास दोन किलो माती पृथ्वीवर आणली. हे दोन्ही विक्रम जगात पहिलेच होते. एकाच विवरावर दोन देशांची यंत्रे पोचली तर कोणी किती अंतर राखायचे, एकाच्या लँडरने उडवलेली धूळ दुसऱ्याच्या उपकरणांवर बसली तर जबाबदार कोण, हे नियम यंत्रे पोचण्याआधी ठरणे गरजेचे आहे.

चंद्राच्या पुढे

चंद्रावर राहण्याचा सराव मंगळासाठीही हवा आहे. चंद्र तीन-चार दिवसांच्या अंतरावर आहे. काही बिघडले तर परत येता येते. मंगळाच्या एका बाजूच्या प्रवासालाच सहा ते नऊ महिने लागतात आणि निघण्याची सोयीची वेळ साधारण २६ महिन्यांनी एकदाच येते. पृथ्वीवरून पाठवलेला संदेश तिथे पोचायला तीन ते बावीस मिनिटे लागतात. अशा ठिकाणी अंतराळवीरांना स्वतःच्या बळावर तगावे लागेल. त्याची छोटी सुरुवात झालेली आहे. 'पर्सिव्हरन्स' रोव्हरवरच्या 'मॉक्सी' या उपकरणाने २०२१ ते २०२३ या काळात मंगळाच्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन तयार केला. एका माणसाला तो जेमतेम काही तास पुरेल. पण परक्या ग्रहाच्या हवेतून श्वासाजोगा वायू बनवता येतो, हे त्यातून सिद्ध झाले.

यंत्रे असताना माणूस कशाला?

यंत्रे स्वस्त पडतात, त्यांना अन्न-पाणी लागत नाही आणि ती परतली नाहीत तरी कोणाचे घर उजाड होत नाही. चॅलेंजर आणि कोलंबिया या यानांच्या अपघातांत चौदा अंतराळवीर गेले. त्यांत कर्नालची कल्पना चावला होती. म्हणून माणूस पाठवण्यामागे भक्कम कारण हवे, हा आक्षेप रास्त आहे. ग्रहमालेची आजवर मिळालेली बहुतेक माहिती यंत्रांनीच गोळा केली आहे.

तरीही काही कामांत माणसाची बरोबरी यंत्राला करता आलेली नाही. मंगळावरच्या 'ऑपॉर्च्युनिटी' रोव्हरला मॅरेथॉनइतके, म्हणजे ४२ किलोमीटर, अंतर कापायला अकरा वर्षे लागली. अपोलो-१७ च्या अंतराळवीरांनी आपल्या गाडीतून तीन दिवसांत सुमारे ३५ किलोमीटर फिरून घेतले. वेगापेक्षाही महत्त्वाची आहे ती नजर. त्या मोहिमेतले श्मिट हे पेशाने भूवैज्ञानिक होते. शॉर्टी नावाच्या विवराच्या काठावर चालताना करड्या धुळीत त्यांना नारिंगी झाक दिसली. वेळ थोडा होता, तरी तिथे चर खणून ती माती गोळा करण्यात आली. ते ज्वालामुखीतून उडालेल्या काचेचे बारीक मणी होते. २००८ मध्ये अपोलोने आणलेल्या अशाच मण्यांत पाण्याचे अंश सापडले आणि २०११ मध्ये त्या नारिंगी मातीतल्या मण्यांच्या पोटात ते आणखी ठळकपणे आढळले. चंद्राचा अंतर्भागही पूर्वी समजला जात होता तितका कोरडा नाही, हे एका माणसाच्या चाणाक्ष नजरेमुळे चार दशकांनी उमगले.

हे सारे कशासाठी?

देशाची प्रतिष्ठा, लष्करी सावधगिरी, उद्योगांचा फायदा ही अंतराळमोहिमांमागची जुनी कारणे आहेत. अपोलो कार्यक्रम शीतयुद्धातल्या चढाओढीतूनच जन्मला आणि ती ओसरताच गुंडाळला गेला. गरीब देशाने चंद्रावर खर्च का करावा, हा प्रश्न भारतात विक्रम साराभाईंच्या काळापासून विचारला जातो. त्याचे एक उत्तर वादळांच्या नोंदींत आहे. १९९९ च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१३ मध्ये तिथेच आलेल्या फायलिन वादळात बळींची संख्या पन्नासच्या आत राहिली. प्रशासनाने लाखो लोकांना वेळेत हलवले, हे त्याचे मुख्य कारण. पण कधी आणि कुठून हलवायचे, हे समजले ते उपग्रह आणि रडार यांच्यामुळे. चांद्रयान-३ चा खर्च सुमारे ६१५ कोटी रुपये होता. उपग्रहांचे हे जाळे आणि चंद्रावर जाणारे यान या दोन्हींना लागणारी रॉकेटे, कारखाने आणि माणसे एकच आहेत.

दुसरे कारण पृथ्वीच्या रक्षणाचे. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर हे बाहेरून आलेल्या अशनीने बेसाल्ट खडकात पाडलेले सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे विवर आहे. चंद्रावरचे काळे सपाट प्रदेशही बेसाल्टचेच असल्यामुळे तिथली विवरे समजून घेण्यासाठी जगभरातले शास्त्रज्ञ लोणारला येतात. असे आघात पुन्हाही होऊ शकतात. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे 'डार्ट' यान डायमॉर्फोस या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवण्यात आले आणि त्याच्या प्रदक्षिणेचा काळ अर्ध्या तासाहून जास्त घटला. एखाद्या खगोलाची वाट माणसाने हेतुपुरस्सर बदलण्याची ही पहिलीच वेळ होती.

पण सर्वांत खोलवरचे कारण जाणून घेण्याचे आहे. पृथ्वीने आपल्या बालपणाच्या खुणा पुसून टाकल्या आहेत. तिचे कवच सतत नव्याने घडते. वारा, पाऊस, नद्या जुने खडक झिजवतात. चंद्राने सुमारे साडेचारशे कोटी वर्षांचा तो इतिहास बराचसा जपून ठेवला आहे. चांद्रयान-३ च्या रोव्हरने मोजलेल्या मातीतून, चंद्र एकेकाळी वितळलेल्या खडकाच्या महासागराने वेढलेला होता या कल्पनेला दुजोरा मिळाला. ध्रुवावरच्या विवरांत कोणकोणत्या धूमकेतूंनी कधी पाणी आणले, याच्या नोंदी थरांमध्ये साठून राहिल्या असण्याची शक्यता आहे. पृथ्वीवरचे समुद्र कुठून आले, या प्रश्नाचे उत्तरही त्यांतून मिळू शकते. चंद्राची पलीकडची बाजू पृथ्वीवरच्या रेडिओ गोंगाटापासून सुरक्षित आहे. पहिले तारे उजळण्याआधीच्या विश्वाचे क्षीण संकेत टिपणाऱ्या दुर्बिणींसाठी तिच्याइतकी शांत जागा दुसरी नाही.

इथेच या नव्या टप्प्यातली सर्वांत महत्त्वाची जबाबदारी आहे. ध्रुवावरचा बर्फ इंधनाचा साठा आहे, तसाच तो न वाचलेला दस्तऐवजही आहे. एकदा तो वितळवून टाकीत भरला की त्याच्या थरांतली माहिती कायमची जाईल. अंटार्क्टिकावर १९५९ च्या कराराने विज्ञानाला अग्रक्रम दिला आणि देशांच्या दाव्यांना आवर घातला. चंद्राच्या ध्रुवांसाठीही तशाच समजुतीची गरज आहे. निवडक विवरे केवळ अभ्यासासाठी राखून ठेवणे, खोदकामाआधी नमुने घेणे आणि ते सर्व देशांना खुले करणे, एवढे तरी त्यात असायला हवे.

भारताचा या चर्चेतला शब्द वजनदार आहे. चंद्राची माती पृथ्वीवर आणण्यासाठी आखलेल्या चांद्रयान-४ ला सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. जपानबरोबरच्या मोहिमेत ध्रुवीय प्रदेशात रोव्हर उतरवून पाणी शोधायचे आहे. २०३५ पर्यंत स्वतःचे अंतराळ स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय अंतराळवीर, ही उद्दिष्टे जाहीर झाली आहेत. जून-जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर राहून आले, तो याच वाटेवरचा एक टप्पा. चंद्रावरच्या पाण्याचा पुरावा जगापुढे आणण्यात भारतीय यानाचा मोठा वाटा होता. ते पाणी कसे, किती आणि कोणत्या नियमांनी वापरायचे, हे ठरवण्यातही भारताने तितक्याच ठामपणे भाग घेणे उचित ठरेल.